ओटी भरली, हिशोब राहिला

मैत्रिणींनो, दुसऱ्याला शिकवायला निघालेली बाई स्वतःच कशी वर्गात बसते, त्याची ही हकिकत आहे. खरं सांगायचं तर कबुलीच आहे.

२०२५च्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या तालुक्यात एका बचत गटाची बैठक होती. गेली पंधरा-सोळा वर्षं मी अशा बैठकांना जाते. रेशन कार्ड, बँकेचं कर्ज, सासरचा जाच, पोरीचं शिक्षण, विषय कोणताही असो, ‘वहिनी, तुम्ही बोला’ म्हटलं की मी बोलायला उभी राहते. त्या दिवशी नव्या कामगार कायद्यांचं कात्रण पिशवीत घेऊन गेले होते. जुने २९ कायदे एकत्र करून चार संहिता झाल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, असं अगदी रंगवून सांगत होते. पगार सात तारखेच्या आत मिळायला हवा. काम सोडलं तर दोन दिवसांत सगळा हिशोब मिळायला हवा. बाई आणि पुरुष सारखंच काम करत असतील तर पगारही सारखाच. बायका माना डोलावत होत्या. मलाही बोलायला हुरूप येत होता.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “वहिनी, तुमच्या दुकानातल्या पोरींना मिळतं का हो हे सगळं? माझी नणंदेची पोर येते ना तुमच्याकडे कामाला.”

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण माझ्या हातातलं कात्रण एकदम जड झालं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. चहा आला, विषय बदलला. घरी येताना रिक्षात मात्र एकच वाक्य डोक्यात घुमत होतं... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

आमचं कापडाचं दुकान आहे. सासऱ्यांनी गादी-तक्क्यावर सुरू केलेलं, ह्यांनी काउंटर आणि आरसे लावून वाढवलेलं. लग्नसराईत बस्ता बांधायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. दुकानात अकरा माणसं कामाला आहेत, सात मुली आणि चार पुरुष. मुली साड्या दाखवतात, घड्या घालतात, मॅचिंगच्या कप्प्यात उभ्या राहतात. मी दुकानात रोज बसत नाही, पण पगाराची वही माझ्याकडे असते. लग्न झाल्यावर सासऱ्यांनीच ती माझ्या हातात दिली होती. “बी.ए. झालीयेस, हिशोब तरी ठेव,” म्हणाले होते. मी मराठी घेऊन बी.ए. झाले, हिशोबाशी त्याचा काय संबंध ते त्यांनाच ठाऊक! पण वही मी नेमाने लिहिली. कोणाचे किती खाडे, कोणाची किती उचल, कोणाचे किती कापले, सगळं माझ्याच अक्षरात आहे.

त्या रात्री मी वही काढली आणि पहिल्यांदाच दुसऱ्या नजरेनं वाचली.

उशिरा आली म्हणून अर्धा दिवस कापलेला. ठाण फाडताना अर्धा मीटर जास्त गेलं म्हणून पैसे कापलेले. पुरुष सेल्समनच्या आणि त्याच्याच शेजारी उभ्या राहणाऱ्या मुलीच्या पगारात अडीच हजारांचा फरक. का? तर तो ‘घर चालवणारा’. आणि ती काय हौस म्हणून येते? तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप आहे, हे मला माहीत होतं. माहीत असून मी दर महिन्याला तो फरक नीट रकान्यात लिहीत होते.

वेतन संहितेत हे सगळं स्पष्ट आहे. आणि ही संहिता दहा माणसं, वीस माणसं असं बघत नाही. दुकानात दोन माणसं असली तरी ती लागू आहे. दंड करायचा तर कोणत्या चुकीसाठी, ते आधी मंजूर करून घेऊन फलकावर लावलेलं हवं. माणसाला त्याची बाजू मांडू द्यायला हवी. आणि दंड त्या पगाराच्या तीन टक्क्यांहून जास्त करता येत नाही. नुकसानीचे पैसे कापायचे तर ते नुकसान त्याच माणसाच्या निष्काळजीपणामुळे झालं हे दिसायला हवं, आणि तेही झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त नाही. खाडा झाला तर तेवढ्याच वेळाचे पैसे कापता येतात. दहा मिनिटांसाठी अर्धा दिवस नाही.

आणि किमान वेतन! आपल्या राज्यात दुकानांसाठी किमान वेतन परिमंडळानुसार ठरत आलं आहे आणि त्यावरचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलत आला आहे. आमच्या मुलींचे पगार त्या आकड्याच्या खाली होते. हे लिहिताना मला लाज वाटते. पण आमच्या बाजारपेठेत ज्यांना अशी लाज वाटण्याचं कारण नाही अशी किती दुकानं सापडतील, हाही प्रश्न आहेच.

पण खरा काटा पुढे होता. वहीची पानं मागे मागे उलटत गेले तर २०१९च्या श्रावणाशी थांबले. तिथे एका नावापुढे मी लिहिलं होतं, ‘काम सोडले. बाकी काही नाही.’

ती आमच्याकडे नऊ वर्षं होती. दहावी झाल्या झाल्या आली होती. ग्राहक तिच्या नावानं दुकानात यायचे, “ती कुठंय? तिला बोलवा, तिला आमची आवड कळते.” तिचं लग्न झालं तरी ती येत राहिली. दिवस राहिले तरी येत राहिली. सातव्या महिन्यापर्यंत ती सकाळी दहा ते रात्री साडेआठ उभी असायची. दुकानात मुलींना बसायला काही नव्हतं. ग्राहकांसाठी होत्या ना गाद्या आणि स्टुलं, पण काम करणाऱ्यानं बसायचं नाही, हा सासऱ्यांच्या वेळचा दंडक. ‘बसलेली पोर आळशी दिसते.’ पाय सुजायला लागले तेव्हा तीच म्हणाली, “काकू, आता नाही जमत.”

मी तिची ओटी भरली. हिरवी साडी, खण, नारळ, पाच फळं, वर ५०१ रुपये. दुकानातल्या सगळ्या मुली जमल्या, फोटो काढले. मला फार छान वाटलं होतं. आपण आपल्या माणसांशी किती मायेनं वागतो, असंही वाटलं होतं.

आता हे बघा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला १९७२चा ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होता. पाच वर्षं झाली की हक्क. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना २६ दिवसांचा धरायचा. तिचा शेवटचा पगार ७,००० रुपये होता. मी कॅल्क्युलेटर घेतला. ७,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९. उत्तर आलं ३६,३४६ रुपये. आणि बाळंतपणाची रजा? १९६१च्या कायद्यानं तीही होती. २०१७च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, भरपगारी. म्हणजे आणखी सुमारे ४२,००० रुपये. मी तिला दिले ५०१ आणि वर नारळ.

म्हणजे नव्या संहितेची वाट बघण्याचा प्रश्नच नव्हता. हा हक्क तिला तेव्हाही होता. तिला माहीत नव्हता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही माहीत नव्हता. मी गावोगाव हक्कांवर बोलत होते आणि मालकीण म्हणून माझी कर्तव्यं काय, हे वाचायचं मला कधी सुचलंच नव्हतं. आपण सगळ्या स्वतःला सोसणाऱ्यांच्या बाजूनंच मोजतो. सून म्हणून, पत्नी म्हणून, आई म्हणून आपलं काय देणं बाकी आहे ते तोंडपाठ असतं. पण गल्ल्यावर बसणारी, पगाराची पाकिटं भरणारी मीसुद्धा कोणाची तरी ‘मालक’ आहे, हे मनात येतच नाही. आपल्यातल्या कित्येकींचं ब्युटी पार्लर आहे, शिवणाचं युनिट आहे, खानावळ आहे, मसाल्याचा उद्योग आहे, बालवाडी आहे. हाताखाली चार पोरी आहेत. त्यांना आपण ‘मुलीसारख्या’ म्हणतो. मुलीसारखी म्हटलं की मग पगाराचं बोलायला नको, असा सोयीचा अर्थ त्यात दडलेला असतो. मला तरी तो आता दिसायला लागला आहे.

ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे मुहूर्त बघावा लागतो. मी बाजारबंदचा वार निवडला, जेवण झाल्यावर वही पुढे ठेवली. पहिली प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणेच आली. “तू कोणाच्या बाजूनं आहेस?” नंतर, “सगळ्या बाजारात असंच चालतं.” नंतर, “परवडणार कसं?” मैत्रिणींनो, हा तिसरा प्रश्न खोटा नाही बरं का. ऑनलाइन खरेदीनं आमच्यासारख्यांची दुकानदारी पोखरली आहे. साडीचा फोटो आमच्या दुकानात काढतात आणि मोबाइलवर मागवतात. ह्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला रोज दिसते. त्यामुळे ‘मालक म्हणजे लुबाडणारा’ असं म्हणणाऱ्या भाषणांना मी टाळ्या वाजवू शकत नाही.

चौथी सूचना मात्र अशी आली की मी उठूनच उभी राहिले. “दोघींना कमी करू. नऊ माणसं राहिली की भानगड नाही.”

ही युक्ती काही ह्यांच्या एकट्याच्या डोक्यातली नाही. पुढे जानेवारीत व्यापाऱ्यांची बैठक झाली, तिथेही दोघा-तिघांनी हेच विचारलं. आमचे कर सल्लागार शांतपणे म्हणाले, “ग्रॅच्युइटी एकदा लागू झाली की माणसं दहाच्या खाली आली तरी ती सुटत नाही.” सभेत शांतता पसरली. मला मात्र मनात हसू फुटलं.

पण ह्या दहाच्या रेषेबद्दल मला सरकारलाही दोन शब्द सुनवायचे आहेत. बाळंतपणाची रजा, ग्रॅच्युइटी, नेमणूकपत्र, कामाच्या जागेवरच्या सोयी, हे सारं साधारण दहा माणसांच्या आस्थापनेपासून सुरू होतं. छोट्या गावात दहा माणसं असलेली दुकानं अशी असतात किती? तिघी-चौघींच्या पार्लरमधल्या मुलीनं, डॉक्टरांच्या दवाखान्यात पट्टी बांधणाऱ्या पोरीनं, झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर यंत्रापुढे उभ्या असलेल्या बाईनं बाळंतपणात काय करायचं? तिचं पोट काय माणसं मोजून वाढतं? कामगार संघटनांचे या संहितांवर आक्षेप आहेत, कामगार कपातीसाठी आधी परवानगी घेण्याची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांना लावली हा त्यातला मोठा. तो त्यांचा विषय, ते बोलतील. पण दहाच्या खालच्या या बायकांसाठी कोण बोलणार?

बैठकीविषयी सांगते. हे संघटनेच्या कार्यकारिणीवर आहेत म्हणून मला दहा मिनिटं मिळाली. पुरुषांनी भरलेला हॉल, मी एकटी बाई. एक जण म्हणाले, “वहिनी, हे सगळे कायदे म्हणजे परदेशी कंपन्यांचे लाड. आपल्या मातीत हे नव्हतं.” मी म्हटलं, आठवड्याची सुट्टी तुम्ही घेता ना? मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती मिळवायला नारायण मेघाजी लोखंडे लढले. १८८४मध्ये त्यांनी कामगारांची संघटना उभी केली, १० जून १८९०ला रविवारची सुट्टी मिळाली. आणि बाळंतपणाच्या रजेचं म्हणाल तर १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती, १९२९मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झालाही. आपल्या मातीतलं म्हणजे आणखी काय असतं?

ते गप्प बसले. पटलं की नाही, देव जाणे.

मी तिथे खुर्चीचाही विषय काढला. केरळात कोळिकोड इथल्या दुकानांमधल्या बायकांनी ‘पेनकूट्ट’ नावाची संघटना केली. दिवसभर उभं राहायचं, लघवीला जायची सोय नाही, म्हणून पाणी प्यायचं नाही, अशी त्यांची गत होती. वाचताना मला आमच्याच मुली दिसल्या. त्या बायका लढल्या आणि २०१८मध्ये केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१मध्ये तामिळनाडूनं तसंच केलं. आता नव्या सुरक्षा-आरोग्य संहितेतही उभ्यानं काम करणाऱ्यांसाठी बसण्याची व्यवस्था मालकानं करायची, असं कल्याणाच्या सोयींत आलं आहे. बसायचं म्हणजे काय, ग्राहक नसताना दोन मिनिटं टेकायचं. त्यासाठी कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

सभेतल्या एका वयस्कर किराणा व्यापाऱ्यांनी मग एक नीट प्रश्न विचारला. “वहिनी, आधी काय करायचं तेवढं सांगा. सगळं एकदम डोक्यात शिरत नाही.” मला तो प्रश्न फार आवडला. कारण कायदा येतो, वर्तमानपत्रात चौकट येते, आणि मालक एक तर घाबरतो नाही तर ‘बघू, कोण येतंय विचारायला’ म्हणतो. यांच्यामध्ये बसून तयारी करून घेणारं कोणीच नसतं. नव्या संहितेत निरीक्षकाचं काम नुसतं पकडण्याचं नाही, मालकाला आणि कामगाराला सल्ला देण्याचंही आहे. मग त्यांनी तालुक्याला यावं ना! बाजारबंदच्या वारी शिबिर घ्यावं, मराठीतले नमुने द्यावेत. आम्ही चहा-पोहे करू.

मी त्या आजोबांना जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगते. आधी वही नीट करा. कोण कधी कामाला लागलं, पगार किती ठरला, किती दिला, कधी दिला, आणि घेणाऱ्याची सही. पगार शक्यतो बँकेतून. हे कामगारासाठी आहे असं वाटेल, पण उद्या कोणी ‘मला पगार कमी दिला’ असा दावा केला, तर दिल्याचा पुरावा मालकानंच द्यायचा आहे आणि असा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. ‘मी दिले होते हो’ हे तोंडी चालणार नाही. कमी पगार दिल्याचा दंड ५० हजारांपर्यंत जातो. पाच वर्षांत पुन्हा तेच केलं तर तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. प्रामाणिक मालकाला वहीसारखा सोबती नाही.

दुसरं, नेमणूकपत्र. दहा माणसं नसली तरी द्या. साधं एक पान. नाव, काम, कामाला लागल्याची तारीख, पगार, वेळ, सुट्टी. ‘मूळ पगार निम्मा असायला हवा’ अशी चर्चा तुम्ही ऐकली असेल, ती भत्त्यांचे दहा तुकडे करणाऱ्या मोठ्या कंपन्यांची. आपल्याकडे ठोक पगार असतो, त्याचा घोर नको.

तिसरी गोष्ट मी पुरुषांच्या सभेत जरा आवाज वाढवूनच सांगितली. दहा माणसं असतील तिथे २०१३च्या कायद्यानं लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष तिथलीच ज्येष्ठ बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेचा. आमच्याकडे ती नव्हतीच. हॉलमधल्या एकाही दुकानात नव्हती. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. ही समिती कुठे बसते ते जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून मी कागदावर लिहून आणलं आहे आणि आमच्या दुकानात बेसिनच्या वर चिकटवलं आहे.

जाता जाता घरातल्या कामवाल्या ताईंचंही बोलते, नाहीतर पुन्हा कोणीतरी मागच्या रांगेतून विचारायचं! घरकामगारांच्या पदरात या संहितांनी फार टाकलेलं नाही. सामाजिक सुरक्षेत त्यांना असंघटित कामगारांत धरलं आहे, ई-श्रमवर नोंद होते, आणि आपल्या राज्यात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. छळाच्या बाबतीत मात्र घर हीही कामाची जागाच आहे आणि त्या ताईही त्याच स्थानिक समितीकडे तक्रार करू शकतात. आपण निदान त्यांच्या नोंदणीच्या आड येऊ नये. आणि ठरलेला पगार ठरलेल्या तारखेला द्यावा. ‘पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात घे’ हे वाक्य मी स्वतः कित्येकदा उच्चारलं आहे.

आमच्या दुकानाचं पुढे काय झालं, हे विचाराल. ह्यांनी महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलून झाल्यावर एक दिवस स्वतःच सल्लागारांकडून आकडा काढून आणला. दुकानाच्या दर्शनी बाजूला काचेचं मोठं दार आणि एसी बसवायचा बेत होता, तो पुढे ढकलला. पाडव्यापासून मुलींचा पगार किमान वेतनाइतका केला आणि सेल्समनचा नि त्यांचा फरक काढून टाकला. सेल्समन नाराज झाला, दोन दिवस घुश्शात होता. त्याचा पगार कमी केला नव्हता, तरीही. स्टुलं आणली, मॅचिंगच्या कप्प्यात दोन आणि साड्यांच्या काउंटरमागे तीन. पहिल्या आठवड्यात कोणीच बसेना. सासऱ्यांचा फोटो समोर आहे ना, त्याला भीत असाव्यात. शेवटी मीच एक दिवस जाऊन त्यातल्या एकावर बसले, तेव्हा एकीनं हळूच दुसऱ्यावर टेकून बघितलं.

मागच्या फरकाचं काय? तो अजून राहिला आहे. ‘सगळं चुकतं केलं’ असं लिहून मोठेपणा घेता आला असता, पण ते खोटं ठरेल. थोडा थोडा द्यायचा ठरलं आहे आणि त्या वहीवर माझं लक्ष आहे.

जिची ओटी भरली होती, तिच्याकडे मी गेले. ती आता दुसऱ्या तालुक्यात असते, घरीच शिवणकाम करते. मुलगा शाळेत जातो. मी ३६,३४६ रुपये आणि उशिराचं व्याज असा चेक तिच्या हातात ठेवला. तिनं आधी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “काकू, हे कशाचे?” मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, “पण तुम्ही तर सगळं छान केलं होतं की. ओटी भरली होती.” तिच्या घरातल्या भिंतीवर त्या ओटीचा फोटो लावलेला होता. बाळंतपणाच्या रजेचे पैसे अजून द्यायचे आहेत, हे मी तिला त्याच वेळी सांगून टाकलं, म्हणजे परत आल्यावर ह्यांना किंवा मला मागे फिरता येणार नाही.

परवा नेमणूकपत्रं वाटली. मुलींनी ती चार-चारदा वाचली. एकीनं आईला दाखवायला फोटो काढला. एक मात्र पत्र घेऊन परत माझ्याकडे आली, काउंटरशी घुटमळत उभी राहिली.

“काकू, ह्यात २०१७ लिहिलंय. मी २०१६ला लागले होते. गणपतीत. तुम्ही मला पहिल्या दिवशी मोदक दिला होता.”

मी जुनी वही काढली. २०१६च्या सप्टेंबरात तिचं नाव होतं, माझ्याच अक्षरात. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं, काही बोलले नाहीत. पत्र मागून घेतलं, तारीख खोडली, नवी लिहिली आणि शेजारी सही केली.